ठिकाण बरोबर, वेळ चुकली! : वाचकांचे प्रश्न

शहरातल्या आणि शहरालगतच्या भटकंतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक. बरेच प्रश्न ‘कुठे जाऊ?’ असे असले, तरी उत्तरं बहुतेक ‘कधी जाल?’ याकडे वळली आहेत. त्याला आमचा इलाज नाही.

प्रश्न : माघी पौर्णिमेला मुलांना घेऊन फ्लेमिंगो बघायला शिवडीला गेलो. दुपारी बाराला जेट्टीवर पोहोचलो तर समोर नुसतं पाणी, पक्षी औषधालाही नाही. फ्लेमिंगो शिवडी सोडून गेले का? (मुलुंड)

सोडून गेले नाहीत, तुम्ही ऐन भरतीत पोहोचलात. फ्लेमिंगो पाण्यात तरंगून नव्हे, तर चिखलात उभं राहून चरतो. चोच उलटी करून, चिखलपाणी गाळून त्यातलं शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव खातो. चिखल पाण्याखाली गेला की जेवण बंद, आणि थवा विसाव्याला दुसरीकडे जातो. पूर्ण ओहोटीतही निराशाच होते, कारण पाण्याच्या कडेबरोबर पक्षीही दूर सरकतात आणि दुर्बिणीतून गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. बघायची वेळ या दोहोंच्या मधली. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की ते थव्याला किनाऱ्याकडे ढकलत आणतं. भरतीच्या आधीचे चार ते अडीच तास हा हुकमी वेळ.

भरती कधी, हे काढायला कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब पुरतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. ही भरतीची वेळ, पहाटेची आणि दुपारची दोन्ही. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. पंधराचे सव्वाअकरा येतात, पण मुंबईत त्या दिवशी पाणी बाराच्या आसपास भरतं, म्हणजे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणार हे धरूनच चाला. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. तारीख ठरवताना हा हिशोब वापरा. निघायच्या आदल्या दिवशी भरतीच्या तक्त्यावरून नेमकी वेळ बघा.

तुमच्या पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ ही योग्य वेळ होती. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी फार चढत-उतरत नाही, त्यामुळे पक्षी तितके जवळ ढकलले जात नाहीत. उधाणाचे दिवस, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन-तीन दिवस, जास्त चांगले.

बाराची भरती आणि सुट्टीचा दिवस एवढंच हाताशी असेल, तर शिवडीचा नाद सोडा. भरतीत खाडीचा चिखल बुडाला की बरेच थवे नेरुळ-सीवूड्स भागातल्या पाणथळींवर येऊन बसतात, ती भरतीतच बघायची जागा. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडी अभयारण्यात बोट जाते. तीही पुरेसं पाणी असतानाच सुटते, म्हणून तिच्या वेळा रोज बदलतात आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात; मोठे थवे जानेवारी ते मे. राखाडी-मळकट रंगाचे दिसले तर ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून चढतो, त्याला काही वर्षं लागतात.

प्रश्न : मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीत समुद्री जीव दिसतात असं ऐकलं. सात आणि दहा वर्षांच्या मुलांना नेणं सुरक्षित आहे का? (बोरिवली)

नोव्हेंबर ते मार्चमध्ये, ठरवून गेलात तर हो. पावसाळ्यात अजिबात नाही.

हाजी अलीजवळचे खडक, वांद्र्याचा बँडस्टँड आणि कार्टर रोड, मरीन ड्राइव्हच्या कडेचा खडकाळ पट्टा इथे डबक्यांतून समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, कालवांचे थर, गोगलगायींचे रंगीत भाऊबंद, आणि नशीब असेल तर एखादा लहान ऑक्टोपस दिसतो. तक्त्यात ओहोटीची नुसती वेळ बघू नका, उंची बघा. अर्ध्या-पाऊण मीटरपर्यंत पाणी उतरणार असेल तरच खालचे खडक उघडे पडतात. दीड मीटरची ओहोटी असेल तर फेरी फुकट. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात.

ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी उतरा, आणि ओहोटीच्या नेमक्या मिनिटाचा गजर फोनवर लावा. गजर वाजला की परत फिरायचं, ‘अजून पाच मिनिटं’ नाही. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर चढतं, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी मीटरभर. शिवाय ते समोरून येत नाही. खडकांमधल्या घळी तुमच्या पाठीमागे आधी भरतात.

पायात बंद, पकड असलेले बूट. चप्पल निसटते आणि कालवांच्या धारेवर पाय कापला तर जखम चिघळते. हिरव्या शेवाळावर पाय द्यायचा नाही. खडकावर मिटलेल्या बटणांसारखे गालिचे दिसतील, ते जिवंत आहेत. त्यावर उभं राहू नये आणि हातही लावू नये, त्यांतल्या काहींत विष असतं. शंकूच्या आकाराचा सुबक शंख सापडला तर मुलं हमखास खिशात घालतात. शंकूशंखातला प्राणी विषारी काटा मारतो. नियम एकच ठेवा : हात पाठीमागे बांधून बघायचं. दगड उलटलाच, तर जसा होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात मरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जुहू-गिरगावच्या वाळूवर निळे फुगे वाहून येतात, ते पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर. मेलेले दिसले तरी दंश करतात. दंश झालाच तर वाळू चोळू नका, नळाचं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले धागे काडीने काढा आणि डॉक्टर गाठा.

प्रश्न : जूनमध्ये कल्याण स्टेशनबाहेर शेवळं मिळाली. कौतुकाने भाजी केली आणि घरातल्या सगळ्यांचा घसा रात्रभर खाजला. काय चुकलं? आणि बाकीच्या रानभाज्या केव्हा शोधायच्या? (डोंबिवली)

बहुधा काकडं घेतली नाहीत, किंवा घेऊन टाकून दिलीत. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. नुसतं धुऊन ते जात नाहीत. त्यांचा जोर मोडायला आंबट लागतं आणि भरपूर शिजवणं लागतं. म्हणून विकणारी जुडीबरोबर काकडं देते. लहान, हिरवी, आवळ्यासारखी दिसणारी ही फळं. दिली नाहीत तर मागून घ्या.

दोन जुड्यांना दहा-पंधरा काकडं धरा. हाताला तेल लावून बसा. शेवळाची बाहेरची पानासारखी आवरणं काढा. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळट दाणेदार भाग दिसेल, तो काढून टाका. सर्वांत खाजरा तोच. राहिलेलं बारीक चिरा आणि तेलावर चांगलं परता, रंग उतरून कडा तपकिरी होईपर्यंत. काकडं ठेचून किंवा वाटून, थोडं पाणी घालून रस पिळून घ्या, चोथा टाका. हा रस परतलेल्या शेवळांत घालून ती अगदी मऊ होईस्तोवर शिजवा. मग वाटण, वालाचे बिरडे, कोलंबी किंवा खिमा, घरात जे चालतं ते. काकडं नसतील तर चिंचेचा दाट कोळ किंवा कोकम, पण हात आखडू नका. उतरवण्याआधी अर्धा चमचा जिभेवर ठेवून मिनिटभर थांबा. जरा जरी चुरचुरलं तर आणखी आंबट, आणखी दहा मिनिटं. घाईच्या दिवशी शेवळं आणूच नयेत.

आता वेळापत्रक. शेवळं वळवाच्या सरींनंतर, मेअखेरीस ते जूनमध्ये, जेमतेम तीन-चार आठवडे. पाठोपाठ टाकळा आणि फोडशी. टाकळा फुलं येण्याआधी कोवळाच घ्यायचा. उग्र वास शिजताना बराच जातो, भिजवलेली डाळ घातली की आणखी. फोडशी गवतासारखी दिसते, तिच्या बुडाच्या पांढऱ्या भागात माती दडते, तेव्हा तीन पाण्यांतून काढा आणि मधला चिवट दांडा खेचून टाका. कुर्डू जुलैत. भारंगीची पानं कडू; आधी उकडून, घट्ट पिळून पाणी टाकल्याशिवाय फोडणीला टाकू नयेत. कंटोली जुलै ते सप्टेंबर. हिरवीगार घ्या, पिवळी पडलेली आतून बियांनी टणक झालेली असतात.

कर्जत, कसारा, शहापूर, पालघर पट्ट्यातल्या आदिवासी बायका सकाळच्या गाड्यांनी माल आणतात आणि कल्याण, ठाणे, दादर, बोरिवली, वसई या स्टेशनांबाहेर बसतात. पक्क्या गाळ्यांत शोधू नका, जिन्याच्या तोंडाशी गोणपाटावर बघा, आणि दुपारच्या आत. घासाघीस करायला ही जागा नव्हे. त्यापेक्षा ‘कशी करायची?’ विचारा, फुकट मिळणारी ती पाककृती छापील पुस्तकापेक्षा खरी असते. स्वतः खुडायच्या फंदात नवख्यांनी पडू नये. रुळांकडेला टाकळा मुबलक उगवतो, पण तिथे सांडपाणीही असतं आणि तणनाशकाची फवारणीही.

प्रश्न : जूनमध्ये पाहुणे येत आहेत. त्यांना ससून डॉकचा पहाटेचा लिलाव दाखवायचा आहे. किती वाजता जावं? (पुणे)

जूनमध्ये जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ‘ताजं पापलेट’ म्हणून जे मिळतं ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. तेव्हा खाडीची मासळी, चिंबोऱ्या आणि सुकी मासळी खावी. ऑगस्ट उजाडल्यावर बोटी जातात, पण मोठ्या बोटी समुद्रात कित्येक दिवस राहतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात धक्का भरलेला नसतो. नारळी पौर्णिमा होऊ द्या. मग पहाटे पाचच्या सुमारास पोहोचा. उजाडून तास-दीड तास झाला की मोठा व्यवहार उरकलेला असतो. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या गोदीत छायाचित्रणाला मनाई आहे, कॅमेरा घरी ठेवा. जुने बूट घाला, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाची वाट अडवू नका. तो थांबत नाही.

प्रश्न : यंदा सोसायटीच्या गच्चीवर पोपटी लावायची म्हणतोय. वीसेक माणसं. कृती आणि प्रमाण द्याल का? (ठाणे)

गच्चीवर नको. पोपटी म्हणजे मडक्यात ठासून भरलेल्या वालाच्या शेंगा जाळात भाजणं. गवत आणि गोवऱ्यांचा जाळ अर्धा-पाऊण तास एकाच जागी राहतो, त्याने गच्चीची लादी आणि खालचं वॉटरप्रूफिंग तडकतं, आणि वाऱ्याने ठिणग्या शेजारच्या गॅलरीतल्या कपड्यांवर जातात. पोपटी मोकळ्या जमिनीवरच. पनवेल, पेण, अलिबाग, रोहा पट्ट्यात डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी वालाच्या शेंगा भरतात. तिकडे कुणाचं शेत किंवा वाडी असेल तर विचारून तिथेच जा. साहित्य ठाण्याहून न्यायचीही गरज नाही, शेंगा आणि पाला दोन्ही तिथल्या बाजारात मिळतात.

वीस माणसांना एकच प्रचंड मडकं घेऊ नका, दहा-दहा लिटरची दोन घ्या. मोठ्या मडक्याच्या मधोमध आच पोचत नाही : कडेच्या शेंगा करपतात, मधल्या कच्च्या. एका मडक्याला दोन किलो वालाच्या शेंगा, किलोभर कोंबडी (हळद, तिखट, आलं-लसूण, मीठ चोळून दोन तास मुरवलेली आणि केळीच्या पानात बांधलेली), सहा-सात अंडी, चार बटाटे, दोन रताळी. मूठभर जाडं मीठ आणि दोन चमचे ओवा.

सगळ्यांत महत्त्वाचा भांबुर्ड्याचा पाला. शेताच्या बांधावर उगवणारी ही उग्र वासाची वनस्पती, पोपटीचा वास म्हणजे तिचाच वास. केळीचं पान लावून शेंगा शिजतील, पण ती पोपटी होणार नाही. मडक्याच्या तळाला आणि कडेने पाल्याचा जाड थर द्या, मग शेंगा, मीठ-ओवा, कोंबडीची पुडकी, कंद, पुन्हा शेंगा, असं भरत जा. अंडी मधोमध ठेवा, कडेला ठेवलीत तर फुटतात. पाणी थेंबभरही घालायचं नाही; पाल्याचा आणि शेंगांचा ओलावा पुरतो. शेवटी तोंडाशी पाला दाबून, अगदी ठासून भरा. इथे हयगय झाली तर मडकं उलटं करताना सगळा ऐवज जमिनीवर.

मडकं उपडं ठेवा, भोवती आणि वर काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचा आणि चहूबाजूंनी एकदम पेटवा. एकाच बाजूने पेटलं तर मडकं तडकतं. नवं, आतून ओलसर मडकंही तडकतं, म्हणून दोन दिवस आधी उन्हात वाळवून ठेवा. जाळ तीस ते चाळीस मिनिटं धगधगता राहिला पाहिजे. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारा : चर्र करून पाणी क्षणात उडालं तर झालं, ओघळलं तर आणखी दहा मिनिटं. ओलं गोणपाट हाताशी धरून मडकं बाजूला घ्या, पाच मिनिटांनी पाला उपसा आणि स्वच्छ चादरीवर उलटा. तोंड वाफेपासून लांब ठेवून.

प्रश्न : पुण्यातल्या त्रिशुंड गणपतीचं तळघर बघायला दोनदा गेलो, बंदच होतं. ते उघडतं कधी? (पिंपरी)

गुरुपौर्णिमेला. एरवी बंद असतं. पण तळघरासाठी अडून बसू नका. सोमवार पेठेतलं हे देऊळ दर्शनी भिंतीसाठीच तासभर मागतं. बांधकाम १७५४ ला सुरू होऊन १७७० ला पुरं झालं, म्हणजे ऐन पेशवाईतलं. तरी भिंतीवर बंदूकधारी गोरा शिपाई गेंड्याला साखळीने बांधतो आहे. पुण्याच्या दुसऱ्या देवळावर असं सापडणार नाही. आत संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. फोटोआधी पुजाऱ्यांना विचारा. त्याच पेठेत नागेश्वर आहे, तेही चालत जाऊन बघून घ्या.

प्रश्न : कान्हेरी लेणी पावसात बघण्यात अर्थ आहे का? आत अंधार असतो म्हणतात. (अंधेरी)

पावसातच अर्थ आहे. उन्हाळ्यात तुम्ही लेणी बघता, पावसात त्यांची पाणीव्यवस्था चालू असलेली बघता. लेण्यांच्या वरच्या कातळात पन्हळी खोदलेल्या आहेत. रिमझिम चालू असताना एका पन्हळीमागे नजर लावा, पाणी लेणीच्या दारावरून न पडता बाजूने फिरून टाक्यात उतरताना दिसेल. शेकडो भिक्खू वर्षभर या टाक्यांवर राहत. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सगळेच बघतात, तुम्ही वरच्या पायऱ्या चढून जा. मुसळधार पावसात मात्र नको, पायऱ्या निसरड्या होतात आणि ओढा अचानक वाढतो. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. विजेरी न्या, अंधाराचा प्रश्न मिटला.

प्रश्न : इंटरनेटवरच्या ‘लपलेल्या दहा जागा’ सगळ्यांना ठाऊक असतात. आपल्याच भागातलं अनोळखी काही शोधायची पद्धत आहे का? (विलेपार्ले)

आहे, आणि ती कंटाळवाणी आहे. घरापासून वीस मिनिटांच्या चालीतला एक रस्ता धरा आणि तो पहाटे सहा, दुपारी चार आणि रात्री नऊ अशा तीन वेळांना चाला. सकाळी सातला गुंडाळणारा फुलांचा वाटा, चारलाच तळण निघणारं दुकान, रात्री उघडणारी गाडी ही एकमेकांना कधी दिसत नाहीत. विक्रेत्याला ‘इथे काय प्रसिद्ध आहे?’ विचारू नका, तो नेहमीचंच सांगेल. ‘हे किती दिवस मिळेल?’ आणि ‘याच्यानंतर काय येतं?’ विचारा. दोन उत्तरांत पुढच्या महिन्याचा बेत होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जत्राही लिहून ठेवा : वांद्र्याची माऊंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते, माहीमची डिसेंबरात. आणि घुबडाची ढोली किंवा फुललेल्या कारवीचा उतार सापडला, तर नकाशावरची खूण जगाला वाटू नका. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी दोन रविवारांत तुडवली जाते.

प्रश्न : आईचं वय ७४, गुडघे दुखतात. हिवाळ्यात चढ-उतार नसलेली अर्ध्या दिवसाची सहल सुचवा. (कल्याण)

भायखळ्याची राणीची बाग, पण पेंग्विनच्या रांगेसाठी नव्हे, झाडांसाठी. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा, खोडालाच फुलं लागणारा कैलासपती, आणि हिवाळा सरता सरता लाल-पिवळे घोस खाली सोडणारी उर्वशी. वाटा सपाट आहेत, बाकं आहेत. बाग बुधवारी बंद असते, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही. शनिवार-रविवार सोडून सकाळी जा. कल्याणहून लोकलने भायखळ्याला उतरून पूर्वेकडे बाहेर पडा. अंतर चालण्याजोगं आहे, पण तेवढ्यासाठी आईंना टॅक्सीच करा. गुडघे आतल्या फेरीसाठी राखून ठेवलेले बरे.